रानडुकरांसाठी सामान्यज्ञान

जुन्या जालन्यात मी राहते त्या गल्लीत सकाळी साडेआठच्या सुमाराला एक हातगाडी येते. गाडीवाला स्वतः काही बोलत नाही. दांड्याला बांधलेला भोंगा त्याच्यासाठी ओरडतो. कांदे, बटाटे, लसूण, अद्रक, आणि परत कांदे. एकदा मी भाजी घेताना तो भोंगा नीट पाहिला होता. मागच्या बाजूला बॅटरी आणि तीन बटणं. लाल बटण दाबून दोनेक मिनिटं बोलायचं. हिरवं दाबलं की यंत्र तेच पुन्हा पुन्हा बोलत राहतं. तिसरं बंद करायचं. पुन्हा लाल दाबून काही बोललं की आधीचं पुसलं जातं. एका वेळी दोन बोलणी ते सांभाळू शकत नाही.

हेच यंत्र आमच्या गावाकडे रानडुकरं हाकलायला वापरतात. गल्लीत ते माणसांना बोलावतं आणि शिवारात जनावरांना पळवतं. वडिलांना या गोष्टीची फार मौज वाटायची. ते म्हणायचे, भोंगा बाजारात एकाच किमतीला मिळतो, पण त्याने काय काम करायचं हे बोलणाऱ्यावर आहे.

आमचं गाव हसनाबादच्या पुढे थोडं आत आहे. वडील प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर गावातच राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी जालन्यात कॉलेजात ग्रंथपाल. तीन एकर जमीन त्यांनी बटाईने दिली होती ती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला. हा विद्यार्थी आता पंचावन्नचा आहे. मी त्याला दादा म्हणते आणि त्याच्या बायकोला वहिनी. दादा मका लावतो आणि रानडुकरं मका खायला येतात. याच्यावर शिवारात जेवढे उपाय झाले असतील तेवढे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाहीत. हसनाबादच्या सलूनमधून पोत्याने केस आणून बांधावर टाकतात. डुक्कर जमीन हुंगत चालतं, केस नाकात गेले की वैतागून मागे फिरतं, असं सांगतात. काही जण शेताभोवती जुन्या साड्या ताणून बांधतात. लांबून पाहिलं तर आत कुणाचं तरी लग्न आहे असं वाटतं. कुणी सायकलच्या चाकाला पत्रा लावून वाऱ्यावर वाजत ठेवतं. मग पाच-सहा वर्षांपूर्वी भोंगे आले.

भोंग्यात लोक शिव्या भरायचे. आपल्याला येतात तेवढ्या सगळ्या. संध्याकाळ झाली की एका शेतातून एक, दुसऱ्या शेतातून दुसरी, अशा शिव्या एकमेकींना भेटायच्या. एका शेतकऱ्याने तर डुकरांच्या निमित्ताने आपल्या साडूचा सगळा हिशेब चुकता केला होता, असं वडील सांगायचे. वहिनी म्हणाली होती, "माझाच आवाज भरा. डुकरं काय, हे बी घरातून पळतेत."

वडिलांनीही जालन्याहून भोंगा आणला. पण त्यांना शिवी देता येईना. दोन दिवस यंत्र ओसरीवर तसंच पडून होतं. तिसऱ्या दिवशी दादा आला.

"गुर्जी, द्या की चार शिव्या. डुकराला काय कळतंय?"

"डुकराला नाही कळत. मला कळतं ना."

"मंग काय त्याला पाढे म्हनून दाखवता?"

वडील हसले आणि आत जाऊन वही घेऊन आले.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. वडिलांना नवल वाटलेल्या गोष्टी लिहून ठेवायची सवय होती. वहीचे तीन भाग होते. पाहिलेलं, वाचलेलं, ऐकलेलं. ऐकलेलं सगळ्यात मोठं आणि त्यांच्या मते सगळ्यात कमी कामाचं. वाचलेल्यातली एखादी गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पटली की ती पाहिलेल्यात यायची आणि त्या दिवशी ते खुश असायचे. डुकराला मान वर करून आकाश बघता येत नाही, हे त्यांनी ऐकलेल्यात लिहिलं होतं. पुढे कंसात लिहिलं होतं, "डुक्कर थांबत नाही, त्यामुळे खात्री नाही."

त्या वहीतलं वाचून त्यांनी पहिल्यांदा भोंगा भरला. "लक्ष देऊन ऐका. ऑक्टोपस नावाच्या समुद्री प्राण्याला आठ पाय आणि तीन हृदयं असतात. त्याचं रक्त निळं असतं." असं दोन मिनिटं. दादाला वाटलं, हा गुरुजींचा छंद आहे, यात मका जाणार. पण त्या दिवसापासून डुकरं त्या शेतातून गेली ती गेली. वडिलांनी वहीत लिहिलं, पाहिलेल्यात, "डुकराला माणसाचा आवाज पुरतो. मजकूर लागत नाही."

मजकूर लागला तो माणसांना. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायांना, बैल घेऊन घरी जाणाऱ्यांना, सगळ्यांना हळूहळू ते पाठ झालं. वहिनीने दादाला भर रानात सुनावलं होतं, "त्या आठ पायाच्याला तीन काळजं हायेत म्हनं. तुम्हाला एक बी दिलं न्हाई देवानं."

एकदा भोंग्यातून आलं की मक्याच्या कणसावर दाण्यांच्या उभ्या ओळी नेहमी सम संख्येत असतात. हे मात्र दादाला झोंबलं. जन्मभर मका केला आणि आपल्याला माहीत नाही, म्हणजे काय. त्याने अर्धी पाटी कणसं पुढ्यात घेतली. बारा, चौदा, सोळा, चौदा. शेवटी एका कणसावर पंधरा भरल्या आणि तो ते कणीस हातात धरून आमच्या घरापर्यंत आला. मी त्या दिवशी गावाला होते म्हणून हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. वडिलांनी चष्मा लावून मोजलं. सोळा. मी मोजलं, सोळा. दादाने पुन्हा मोजलं तर त्याला पंधराच आल्या. मग वहिनीने कणीस त्याच्या हातातून घेतलं, पहिल्या ओळीला कुंकवाचं बोट लावलं आणि मोजलं.

"सोळा. ह्या कणसाला तुम्ही जिथून सुरू केलं तिथं बोट ठेवलं, अन् बोटाखालची ओळ सोडून दिली."

दादा बराच वेळ बोटाकडे बघत राहिला. वडिलांनी त्याच संध्याकाळी ती गोष्ट वाचलेल्यातून पाहिलेल्यात नेली.

मी या सगळ्यात होते ती फोनवर. दर आठवड्याला, बहुतेक गुरुवारी, वडिलांचा फोन यायचा. जेवलीस का, पाऊस आहे का, आणि मग, "एक गोष्ट पुस्तकात बघून सांग." घुबडाला डोळे फिरवता येतात का. केळं वनस्पतिशास्त्रात कुठल्या जातीचं फळ धरतात. वाघाचे पट्टे केसांवरच असतात की खाली कातडीवरही. मी कॉलेजातली दोन-तीन पुस्तकं चाळून, खात्री करून दुसऱ्या दिवशी सांगायचे. मला वाटायचं, एकट्या माणसाला लेकीशी बोलायला काहीतरी निमित्त हवं असतं. मी ते निमित्त जपत होते.

पोळ्याच्या आठवडाभर आधी वडील गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि बसल्या जागी. दादाने फोन केला. मी पोचले तेव्हा वहीवर पेन तसंच होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्या दिवशी मावळतीला मी ओसरीवर एकटी बसले होते आणि शिवाराकडून वडिलांचा आवाज आला.

"लक्ष देऊन ऐका. मधमाशीला पाच डोळे असतात. दोन मोठे आणि कपाळावर तीन बारीक. घुबडाला मात्र डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं." मग एक खोकला. मग "थांबा हं" असं हळू आवाजात, बहुधा स्वतःलाच. मग पुढे वाघाचे पट्टे. ते कातडीवरही असतात, हे मीच बघून सांगितलेलं.

मी घाबरले नाही. रडलेही नाही. मला फार बरं वाटलं, एवढंच आठवतं. जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी ते भरलं होतं, असं दादा म्हणाला. तिन्हीसांजेला तो नेमाने हिरवं बटण दाबत होता, घरातल्या गर्दीत मला ते ऐकू आलं नव्हतं.

"दादा, भोंग्याला हात लावू नका," मी त्याला म्हणाले. "आहे ते तसंच राहू द्या."

"न्हाई लावत, ताई."

दुसऱ्या दिवशी मी शेतात जाऊन ते बोलणं माझ्या मोबाइलमध्येही घेतलं. वारा नव्हता, चांगलं आलं. पण मोबाइलमधले वडील आणि मक्यातले वडील यांच्यात फरक होता. मोबाइलमध्ये मी बटण दाबल्यावर ते माझ्यासाठी बोलायचे. मक्यात ते कामावर होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं आणि तेच मला हवं होतं. लहानपणी ते ओसरीवर पेपर तपासत बसायचे आणि मी आत अभ्यास करायचे, त्यांची पानं उलटायची तेवढी ऐकू यायची, तसं.

कॉलेजात पुन्हा रुजू झाले तरी मी दर शनिवारी गावी जायचे. एसटीने हसनाबाद, तिथून जीप. घर झाडायचं, वही वाचायची, संध्याकाळी ओसरीवर बसायचं. खोकला कुठे येतो ते मला माहीत झालं होतं. शोक करणाऱ्या माणसाने असं सुखात असावं का, हा प्रश्न मनात यायचा, पण मी त्याला बसायला सांगत नव्हते.

तिसऱ्या शनिवारी मी जरा लवकर पोचले. म्हटलं, दिवसाउजेडी शेत बघून यावं. बांधावर दादा भेटला, वहिनी जवळच गवत कापत होती. मी आत निघाले तसा तो आडवा आला.

"आत काहून जाता, ताई? चिखल हाय."

चार दिवस पाऊस नव्हता. मी गेले. बाहेरच्या आठ-दहा ओळी माझ्या डोक्यापेक्षा उंच, हिरव्यागार. त्या ओलांडल्या आणि समोर उजेडच उजेड आला. मधला मका आडवा पडला होता. चावून टाकलेली अर्धी कणसं, मातीत उमटलेले खुरांचे ठसे. बाहेरून काही कळू नये असं, वाटीच्या तळासारखं, मधलंच खाल्लेलं होतं. आणि त्या मोकळ्या जागेपासून वीस पावलांवर खांबाला भोंगा होता, व्यवस्थित बांधलेला.

मी परत आले तेव्हा दादा बांधावर उकिडवा बसला होता. वहिनी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि भारा खाली टाकला.

"कधीपासून?" मी विचारलं.

दादा म्हणाला, "तेवढं काय न्हाई. होतंच राहतंय ते."

"होतंच राहतंय!" वहिनी म्हणाली. "रोज सकाळी येऊन बघून राह्यले अन् गप बसून राह्यले. ताईला सांगा म्हनलं तर माझ्यावरच डोळे वटारले. ताई, डुकराला सवय होते. एकच एक आवाज आठ दिस ऐकला का त्याला कळतंय, हे नुसतं बोलतंय, येत न्हाई. मंग ते भोंग्याखाली बसून खातंय."

"पण आधी तर..."

"आधी गुर्जी बदलायचे की. दर आठ दिसाला. शुक्रवारी वही घेऊन यायचे, इथं बसायचे, नवीन भरायचे."

मी दादाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "दर शुक्रवारी. बिलकुल चुकले न्हाईत. पाच हंगाम."

गुरुवारी फोन, शुक्रवारी भोंगा. मला हे कळायला किती वेळ लागला ते सांगत नाही. इतकी वर्षं मी कॉलेजात बसून, दोन-दोन पुस्तकं ताडून, रानडुकरांसाठी मजकूर तयार करत होते. मी जे निमित्त समजत होते ते निमित्त नव्हतं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, शुक्रवारच्या आत. मला हसू आलं आणि बांधावर उभ्या उभ्या मी मोठ्याने हसले. वहिनी जरा घाबरलीच.

"मग प्रत्येक वेळी आधीचं पुसलं जायचं?"

"जायचंच. तसंच हाय ते मशीन."

"त्यांना काही वाटायचं नाही?"

"काय वाटायचं?" दादा म्हणाला. "लाल बटन दाबायचे अन् बोलायचे."

म्हणजे माझ्या वडिलांनी स्वतःचा आवाज कितीतरी वेळा पुसला होता. ऑक्टोपस गेला, कणसाच्या ओळी गेल्या. मी जपत होते ते त्यांचं शेवटचं बोलणं नव्हतं. तो एका आठवड्याचा मजकूर होता, जो पुढच्या शुक्रवारी जायचा होता आणि ते गेल्यामुळे राहून गेला होता. आणि मी राहू द्या म्हणाले म्हणून या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत मका जाऊ दिला होता.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं, दादा."

तो गवताची काडी मोडत बसला. "तुम्ही शनिवारी यायच्या. ओसरीवर बसायच्या. आमी पल्याडून बघायचो. म्हनलं, ऐकून राह्यल्या तर ऐकू द्या. मका काय, पुढच्या साली बी येतोय."

आणखी तीन आठवडे तरी कणसं उभी राहायची होती. अजून निम्म्याहून जास्त मका शाबूत होता. दादा त्याच्या आवाजात भरायला तयार होता, पण मी भोंगा सोडून घरी आणला तेव्हा तो आणि वहिनी मागोमाग आले. लाल बटणाच्या बाजूचा रंग वडिलांच्या अंगठ्याने झिजला होता. मी शेवटचं एकदा ऐकावं म्हणून हिरवं दाबायला गेले आणि थांबले. मोबाइलमध्ये ते आहे, हे मला माहीत होतं. आणि मक्यात कामावर असलेले वडील, भोंगा इथे मांडीवर घेऊन, तसेही ऐकू आले नसते.

तरी लाल बटण लगेच दाबवलं नाही. चहा केला. तिघांनी प्यायला. दुसऱ्यांदा चहा करायला उठले तेव्हा वहिनी म्हणाली, "ताई, दिवस चालला."

मी वही उघडली आणि बटण दाबलं. दाबताना आवाज आला तो एवढाच, टक. "लक्ष देऊन ऐका," मी म्हणाले. मग वाचलेल्यातून वाचत गेले. केळं हे शास्त्राच्या भाषेत द्राक्षासारखं बेरी या जातीचं फळ आहे. मक्याच्या तुऱ्यातली आणि कणसातली फुलं वेगळी असतात, आणि कणसाच्या शेंड्याचा एकेक रेशमी धागा आत एकेका दाण्याला जोडलेला असतो.

दोन मिनिटांनी हिरवं दाबून ऐकलं. भोंग्यातून काहीतरी कुजबुजल्यासारखं आलं.

दादा भिंतीकडे बघू लागला. वहिनीने तोंडाला पदर लावला. "ताई, हे वाचनालय न्हाई. एवढ्या हळू बोललं तर डुकरं अजून जवळ येऊन ऐकतेल."

"मला याच्यापेक्षा मोठं येत नाही."

"येतंय. भाजीवाल्यानं वजनात मारलं तर काय करता?"

"काही नाही. घरी येते."

"अरे देवा!" वहिनीने भोंगा माझ्या तोंडासमोर धरला. "आमचे हे आत्ता म्हनाले ना, आत चिखल हाय म्हून? तुमच्याशी खोटं बोलले. अन् एवढा मका गेला तरी तोंड उघडलं न्हाई. त्यांच्याकडं बघा अन् बोला."

दादा म्हणाला, "मला काहून मधी घेता?"

मी लाल बटण दाबून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा पाय चिखलाने भरलेला नव्हता, त्यावर धूळ होती. मी बोलायला लागले. केळं, तुरा, रेशमी धागा, सगळं तेच, पण त्याला रागावत असल्यासारखं. मधेच मी खरीच रागावले, आणि का ते मला कळत होतं. तो माझ्यासाठी गप्प राहिला आणि त्याच्या गप्प राहण्यात मी दोन शनिवार सुखाने बसले, याचा तो राग होता. धाग्यापर्यंत आले तेव्हा माझा आवाज फाटला होता. दादा जागचा उठून उभा राहिला होता, शाळेत उभं राहावं तसा.

"आत्ता बराबर," वहिनी म्हणाली.

अंधार पडायच्या आत दादाने भोंगा खांबाला बांधला. शेवटच्या जीपसाठी मला निघायचं होतं. जीप गावाबाहेर वळली तेव्हा शिवाराकडून एक बाई ओरडत होती. कोण भांडतंय म्हणून शेजारी बसलेल्या म्हातारीने जीपबाहेर डोकावून पाहिलं. भोंगा तेव्हा रेशमी धाग्यापर्यंत आला होता.

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. "आली न्हाईत, ताई. पार वढ्यापर्यंत ठसे हायेत अन् तिथून माघारी." मग म्हणाला, "पुढच्या शनिवारी येतान काय आननार?"

त्या आठवड्यात मी तीन पुस्तकं काढली. शनिवारी बांधावर बसून भोंगा मांडीवर घेतला. आत आधीचं होतं ते पुन्हा ऐकावं असं मनातही आलं नाही. लाल बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली. मुंगीला फुप्फुसं नसतात, अंगावरच्या बारीक भोकांतून ती श्वास घेते. वहिनी खुरपं थांबवून म्हणाली, "अजून मोठ्यानं."